किल्ली मुलांच्या हातीं

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. मार्गशीर्षांतल्या एका सायंकाळीं आम्ही ओसरीवर बसलों असतां चार मुलें आमच्याकडे आलीं. दोघे बारावीच्या वर्गांतले, एक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला, आणि चौथी आमच्या धाकट्या बंधूंची कन्या. ती ह्याच घरांत वाढलेली. आपल्याच ओसरीवर पाहुण्यासारखी उभी राहिलेली पाहून आम्हांस हंसूं आलें. तिच्या हातांत जाड बांधणीची एक वही होती. गांवांतील सर्व विहिरींची यादी करावयाची, प्रत्येक विहिरींतील पाण्याची पातळी दर पंधरवड्यास मोजावयाची आणि ते आंकडे लिहून ठेवावयाचे, असा त्यांचा बेत होता. त्यांना आमच्याकडून पैसे नको होते, भाषणहि नको होतें. लोकांनीं आपल्या आवारांत येऊं द्यावें म्हणून आम्हीं घरोघर एक शब्द टाकावा, एवढेंच मागणें होतें.

आमचें गांव कोंकणांतलें. येथें वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि वैशाखांत सड्यावरच्या वाडीला टँकरनें पाणी पुरवावें लागतें. परक्या माणसाला हें कोडें वाटतें. आम्हांला त्याची इतकी संवय झाली आहे कीं, हें कोडें आहे हेंच आम्ही विसरून गेलों होतों. मुलांना तें कोडें वाटलें, एवढीच त्यांची आमच्याहून अधिक योग्यता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चार घरीं हा विषय काढला. एका घरीं "हें काम ग्रामपंचायतीचें, पोरांचें नव्हे," असें उत्तर मिळालें. दुसऱ्या घरीं मुलाच्या आईनें विचारलें, "बारावीचें वर्ष आहे. गुरुजी, तुम्हीच असें म्हणायला लागलांत तर आम्हीं काय करावें?" तिच्या प्रश्नाला आमच्यापाशीं चटकन उत्तर नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. तिसऱ्या घरचे गृहस्थ आमचे समवयस्क. ते हंसून म्हणाले, "फोटो काढून झाले कीं थांबतील." हेच गृहस्थ गेलीं कित्येक वर्षें, हल्लींचीं मुलें समाजासाठीं कांहीं करीत नाहींत, म्हणून दर सभेंत खेद व्यक्त करीत आले आहेत!

त्यांच्या हंसण्यांत अगदींच तथ्य नव्हतें असें मात्र नाहीं. मुलांच्या हातून होणाऱ्या समाजसेवेचें जें रूप आपण नेहमीं पाहतों तें हंसूं येण्याजोगेंच असतें. सन १९६९ मध्यें, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभीं ३७ विद्यापीठांतील सुमारें ४०,००० विद्यार्थी तींत होते. वर्षाला १२० याप्रमाणें दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि एका गांवीं शिबिरांत राहून काम करावें, असा तिचा सांगाडा. कल्पना उत्तम आहे. आमच्या परिचयाचे एक प्राध्यापक शिबिराच्या गांवीं पहिले दोन दिवस मुलांना कांहींच काम देत नसत. घरोघर जा, बसा, ऐका आणि काय करावयाचें तें मग तुम्हीच ठरवा, असें सांगत. त्यांच्या हाताखालून गेलेलीं मुलें निराळींच दिसतात. परंतु पुष्कळ ठिकाणीं तासांची नोंद तेवढी चोख राहते. गेल्या वर्षींचाच खड्डा, रोप मात्र नवें. मान्यवरांच्या हातांत झारी, मुलांच्या हातांत फलक. मग तीं मुलें घरीं येऊन प्रमाणपत्र फायलींत घालतात, आणि आपण म्हणतों कीं यांना कळकळ नाहीं.

संस्कृत व्याकरण शिकवितांना आम्ही वर्गांत एक साधें वाक्य घेत असूं. सुतार कुऱ्हाडीनें लांकूड तोडतो. घाव बसतो तो कुऱ्हाडीचा. तरी कर्ता सुतार, कुऱ्हाड नव्हे. कारण पाणिनीनें कर्त्याचें लक्षण म्हणून जें सांगितलें आहे तें स्वातंत्र्य, श्रम नव्हेत. कुऱ्हाड हें करण. आतां आपल्या गणेशोत्सवांत, संमेलनांत, लग्नकार्यांत पाहावें. सतरंज्या घालणारीं, खुर्च्या मांडणारीं, पाण्याचे पेले फिरविणारीं मुलें घाम गाळीत असतात. परंतु त्या वाक्यांत तीं करणाच्या तृतीयेंत उभीं असतात. वर्गणी किती गोळा करावी, ती कशावर खर्चावी, पाहुणा कोण आणावा, यांतले एकहि ठरविणें त्यांच्याकडे नसतें. पाणिनीनें करविणाऱ्यालाहि जागा दिलेली आहे. त्याला 'हेतु' अशी संज्ञा आहे. पण ज्याच्याकडून करवावयाचें तो स्वतंत्र कर्ता आहे हें तेथें आधींच गृहीत धरलेलें असतें. गुरूची व वडिलांची जागा ही. छत्तीस वर्षें आम्हीं हें फळ्यावर खडूनें लिहिलें, आणि पाळण्याची वेळ आली तेव्हां पाळलें नाहीं. ती हकीकत सांगितल्यावांचून पुढें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

सन १९९७ मध्यें आम्ही गांवच्या वाचनालयाचे चिटणीस होतों. सायंकाळीं दोन तास वाचनालय उघडें ठेवावयास माणूस मिळेना. अकरावींतला एक मुलगा आपण होऊन पुढें आला आणि आम्हीं त्याला किल्ली दिली. त्यानें महिन्याभरांत कपाटांत कोंडलेलीं पुस्तकें काढून मेजावर मांडलीं. वर्गणी भरणें ज्यांना शक्य नाहीं अशा पांच-सहा मुलांना आंत बसून वाचावयास मोकळीक दिली. गर्दी वाढली, कधीं नव्हे तीं वर्तमानपत्रें चुरगळलेलीं दिसूं लागलीं. चौथ्या महिन्यांत वर्गणीच्या हिशेबांत १८० रुपये कमी आले. कार्यकारी मंडळाच्या बैठकींत कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. रागावलों नाहीं, चौकशी केली नाहीं. "आतां तुझी परीक्षा जवळ आली," असें गोड कारण सांगितलें. त्यानें खिशांतून किल्ली काढून मेजावर ठेवली व सायकलवर बसून निघून गेला. ते १८० रुपये आम्हीं पदरचे भरले, आणि त्याबद्दल मंडळानें आमचे आभार मानले.

ते पैसे कोठें गेले हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. कारण आम्हीं त्याला विचारलेंच नाहीं. वाचनालय त्या वर्षापासून सायंकाळीं बंद असतें. तो मुलगा आज पुण्यास चांगल्या हुद्द्यावर आहे. गणपतीला गांवीं येतो, आम्हांस वांकून नमस्कार करतो, वाचनालयासाठीं देणगी मागितली तर देतो. आंत मात्र पाऊल टाकीत नाहीं.

याच्या नेमकी उलट गोष्ट दापोलीजवळच्या मुरूडची आहे. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचें बाळपण त्या गांवीं गेलें. स्वभावानें हा मुलगा अत्यंत लाजाळू होता. त्याचे शिक्षक विनायक लक्ष्मण सोमण. गांवांतील मंडळी दुर्गादेवीच्या देवळांत जमत; त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम सोमण गुरुजींनीं ह्या शाळकरी मुलाकडे दिलें. वाचकांनीं क्षणभर थांबून हा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. वयोवृद्ध मंडळी खालीं बसलेलीं, आणि जगांत काय चाललें आहे तें त्यांना एका लाजाळू पोराच्या तोंडून कळावयाचें! त्या मुलानें अडखळत वाचलें असेल, तरी त्याच्यावांचून त्या दिवशींची बातमी गांवाला कळणार नव्हती. हें काम शोभेचें नव्हतें. त्याची गांवाला गरज होती. सार्वजनिक कामाची आपली पहिली गोडी ज्यांच्यापासून लागली त्या ह्या गुरूचें ऋण कर्व्यांनीं पुढें आपल्या 'आत्मवृत्ता'त मानलें आहे. पुढें गांवाबाहेर मिळवित्या झालेल्यांनीं आपल्या मिळकतींतील अल्पसा अंश गांवासाठीं काढावा म्हणून 'मुरूड फंड' निघाला, त्यांतहि ते पुढाकार घेणारे होते.

ह्याच मुलाला सतराव्या वर्षीं निराळा अनुभव आला. परीक्षेसाठीं तो सोबत्यांबरोबर मुरूडाहून साताऱ्यास पायीं गेला. पावसाचे दिवस, वाटेंत घाट व रान. तेथें पोंचल्यावर परीक्षकांना तो सतरा वर्षांचा दिसेना, म्हणून त्याला परत पाठविण्यांत आलें. चेहरा लहान दिसला एवढाच अपराध! चेहऱ्यावरून लायकी ठरविण्याची ही रीत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाहीं. जानेवारी १८८० मध्यें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल उघडलें तेव्हां विष्णुशास्त्री चिपळूणकर एकोणतीस वर्षांचे आणि बाळ गंगाधर टिळक तेवीस वर्षांचे होते. आज आमच्या ओळखीच्या घरांत तेवीस वर्षांचा मुलगा बँकेंत गेला तर वडील त्याच्याबरोबर जातात, व अर्ज वडीलच भरतात.

मुरूडच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्यासारख्या घरांनीं विसरूं नये. ज्या गांवानें कर्व्यांना समाजकार्याचे पहिले धडे दिले त्याच गांवानें १८९३ मध्यें, त्यांनीं विधवेशीं पुनर्विवाह केला तेव्हां, त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या वृद्ध आईला काय वाटलें असेल? तरी ते खचले नाहींत. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्यें महिला विद्यापीठ स्थापिलें. मुलाला एकदां स्वतंत्र कर्ता केल्यावर तो आपल्याला रुचेल तेवढेंच करील, अशी हमी कोणालाहि मिळत नाहीं. देवळांत वर्तमानपत्र वाचणारा मुलगा गांवाला हवा होता. त्यांतून निघालेला माणूस त्यांना झेपला नाहीं.

हें सर्व आम्हांस आठवण्याचें कारण, विहिरींच्या वहीनें आमच्यावर तीच पाळी आणली.

मुलांनीं काम सुरू केलें तें चुकीनेंच. दोराला गांठी मारून, टोंकाला वजन बांधून तीं पाणी मोजूं लागलीं. कोणी कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजलें, कोणी जमिनीपासून. कठडे कोठें दोन फूट, कोठें साडेतीन! महिनाभरानें दोन पंधरवड्यांचे आंकडे जुळवावयास बसल्यावर ही गोष्ट ध्यानांत आली आणि सगळी मेहनत फुकट गेली. आम्हांस ही चूक पहिल्याच दिवशीं दिसली होती, असें आम्ही म्हणूं शकलों असतों तर बरें झालें असतें. खरें पाहतां आम्हांसहि ती दिसली नव्हती. ज्या गृहस्थांनीं फोटोबद्दल भाकित केलें होतें ते पुन्हा हंसले. आम्ही मात्र या वेळीं गप्प बसलों. मुलांनीं स्वतःच ठरविलें कीं, प्रत्येक कठड्यावर तांबड्या रंगाची एक रेघ ओढावयाची आणि त्या रेघेपासूनच मोजावयाचें. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते, ही माहिती त्यांतल्या एकानें मिळविली. आमचें काम रंगाचा डबा विकत आणून देण्यापुरतें उरलें.

बारावीच्या मुलाच्या आईच्या प्रश्नाला उत्तरहि मुलांनींच काढलें. माघापासून परीक्षा संपेपर्यंत त्या दोघांना सुट्टी. उरलेल्या दोघांनीं विहिरी वाटून घ्यावयाच्या. आणि गंमत अशी कीं, दोन रविवारीं मनुष्यबळ कमी पडलें तेव्हां ती आईच दोर घेऊन गेली. मुलांना आधार देणें म्हणजे काय, असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही त्या माउलीकडे बोट दाखवूं. तिनें मुलाचें काम हिरावून घेतलें नाहीं, परीक्षाहि सोडूं दिली नाहीं. मध्यंतरीं तें पडूं दिलें नाहीं इतकेंच. आपल्या घरांतले वडील बहुधा दोन टोंकांना असतात. एक तर "नको" म्हणतात, नाहीं तर फोन करून सगळें आपणच जमवून देतात. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो प्रेमाचा दिसतो. मुलाला तलाठ्याच्या कचेरींत तीन हेलपाटे घालूं द्यावेत. तिथला माणूस ओळखीचा असला तरी तोंड उघडूं नये. मुलगी संध्याकाळीं सातपर्यंत बाहेर राहिली तर "कोठें होतीस?" याऐवजीं "किती विहिरी झाल्या?" असें विचारून पाहावें. आमच्या घरीं हा बदल घडावयास दीड महिना लागला, आणि तोहि आमच्या वहिनींमुळें, आमच्यामुळें नव्हे.

दोन भावांची एक सामाईक विहीर आहे. भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि विहिरीच्या दाराला दोन कुलपें आहेत. तेथें जाऊं नका, असें आम्हीं बजावलें होतें. मुलें गेलीं. थोरल्याच्या समक्ष त्याच्या बाजूनें दोर सोडला, धाकट्याच्या समक्ष त्याच्या बाजूनें. पाणी दोन्हीकडून सारखेंच भरलें.

चैत्राच्या शेवटीं मुलांनीं एक मोठा तक्ता देवळाच्या भिंतीवर लावला. गांवांतल्या ६३ विहिरी. प्रत्येकीची मार्गशीर्षापासूनची पातळी, आणि शेवटच्या रकान्यांत पंप आहे कीं नाहीं व असल्यास तो दिवसाला किती तास चालतो. सड्यावरच्या वाडीच्या दोन्ही विहिरी फाल्गुनांतच कोरड्या पडल्या होत्या. खालीं आमच्या आळींत, आगरांतल्या विहिरींना त्याच वेळीं ८ ते १० फूट पाणी होतें, आणि त्यावर नारळी-पोफळी भिजत होत्या. तक्त्याखालीं मुलांनीं कारणहि लिहिलें होतें. सडा जांभ्याचा, जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेला पाऊस दगडांतून झिरपून उतारावर येतो आणि खालच्या विहिरींत सांठतो. म्हणजे आमच्या विहिरींतलें पाणी पडतें तें त्यांच्या डोक्यावर. यांत टीकेचा एकहि शब्द नव्हता. पंपाच्या तासांप्रमाणें नांवें लावलीं होतीं आणि आमच्या घराचें नांव वरून तिसरें होतें.

त्याच रात्रीं सात-आठ मंडळी आमच्या ओसरीवर जमलीं. घरांतल्या गोष्टी देवळाच्या भिंतीवर कशाला? उद्यां कोणी विहिरीवर हक्क सांगेल, मग? "गुरुजी, तुमच्याच पुतणीला सांगा, कागद उतरवूं दे." खरें लिहावयाचें तर त्या क्षणीं आमच्याहि मनांत तेंच होतें. शब्द ओठांपर्यंत आला होता, आणि त्यासाठीं एक गोड कारणहि तयार होतें. तेवढ्यांत मेजावर ठेवलेली ती किल्ली आठवली. आम्हीं पुतणीला बाहेर बोलाविलें आणि सर्वांसमक्ष एवढेंच विचारलें, "आंकडे बरोबर आहेत का?" ती म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः मोजून पाहा."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं दोर घेतला. आपल्या विहिरीपासून सुरुवात करून बारा विहिरी मोजल्या; खांदे भरून आले. अकरा विहिरींचे आंकडे तंतोतंत जुळले, एका ठिकाणीं अर्ध्या फुटाचा फरक पडला व तो मुलांनीं दुरुस्त केला. मग आम्ही त्या सात-आठ घरीं गेलों आणि सांगितलें कीं कागद खरा आहे, तो भिंतीवरच राहील. दोघांनीं आमच्याशीं बोलणें सोडलें. एक जण अलीकडे पुन्हा बोलूं लागले आहेत.

पहिलें दार उघडलें तें त्या दोन न बोलणाऱ्या भावांपैकीं धाकट्यानें. सकाळीं सहा ते आठ कोणीहि येऊन पाणी भरावें, असें त्यानें सांगितलें. थोरल्यानें आपलें कुलूप दुसऱ्या दिवशीं काढलें, बहुधा मागें राहूं नये म्हणून. आमच्या घरीं चार दिवस वाद झाला. पोफळींचें पाणी तोडतां येत नाहीं, हें बंधूंचें म्हणणें खोटें नव्हतें. अखेर दिवसाकांठीं एक तास पंपाचें पाणी रस्त्याकडेच्या टांकींत सोडावयाचें ठरलें. टँकर बंद झाला नाहीं. त्या वर्षीं तो पंधरा दिवस उशिरा लागला, एवढेंच.

मूळच्या चौघांपैकीं तिघे आतां शिक्षणासाठीं बाहेरगांवीं आहेत. वही नव्या तिघांकडे गेली आहे. त्यांतले दोघे सड्यावरच्या वाडींतले. धाकटा सातवींत आहे. त्याला दोर पेलत नाहीं, म्हणून लिहिण्याचें काम त्याच्याकडे आहे. वही ठेवावयास जागा हवी म्हणून त्यांनीं वाचनालयाची किल्ली मागितली आहे. तो अर्ज मंडळाच्या पुढच्या बैठकीला येईल. मंडळावर आम्ही अजून आहोंत.

परवां तो सातवींतला मुलगा आमच्या विहिरीवर आला होता. तांबडी रेघ पावसानें पुसट झाली आहे, ती पुन्हा ओढावी लागेल असें त्यानें सांगितलें. पातळी लिहून झाल्यावर त्यानें पेन्सिल कानावर ठेवली व पंप हल्लीं किती वेळ चालतो, असें विचारलें. आम्हीं खरा वेळ सांगितला आणि त्यानें तो लिहून घेतला.